न तडकलेला खडा

त्या वर्षी मी एकसष्ट स्फटिक फोडले. हा आकडा माझा नव्हे, मकाबे-सानचा. मी विसाव्यानंतर मोजायचं सोडून दिलं होतं.

मकाबे शिझुनो आमच्या लॅबमध्ये तंत्रसहायक होत्या. वय बावन्न, ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. शिक्षण शाळेपुरतंच. लॅबमध्ये येण्याआधी चौदा वर्षं त्यांनी कानाझावातच सोन्याच्या वर्खाच्या एका कारखान्यात काम केलं होतं. वर्ख ठोकायचं काम पुरुषांचं, उचलायचं बायकांचं. बांबूच्या चिमट्याने वर्ख उचलायचा, कागदावर ठेवायचा, मधोमध हलकी फुंकर मारून त्याची सुरकुती काढायची. बोट लागलं तर फाटणार, श्वास लागला तर उडणार. मालक वारले, कारखाना बंद पडला आणि त्या या विद्यापीठात काचेची भांडी धुवायला आल्या. आमचे प्राध्यापक नुकादा सेन्सेई यांनी एकदा गंमत म्हणून त्यांना वाळूच्या कणाएवढा स्फटिक काचेच्या केसावर, म्हणजे केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूवर, चिकटवायला दिला. मला ते काम शिकायला चार महिने लागले होते. त्यांनी ते पहिल्याच खेपेला केलं आणि विचारलं, "बस, एवढंच?" त्या दिवसापासून भांडी दुसरं कुणीतरी धुऊ लागलं.

ही गोष्ट १९८३ सालची. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्या विषयातला पदार्थ फिकट पिवळा, दालचिनीत सापडणाऱ्या एका आम्लाच्या नात्यातला. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवला की त्याचे रेणू इकडून तिकडे फिरत राहतात, एकमेकांवर आपटतात, पण जुळत नाहीत. स्फटिकात मात्र ते ओळीने, समोरासमोर, अगदी ठरल्या अंतरावर बसलेले असतात. अशा स्फटिकावर उजेड पडला की दोन शेजारी एकमेकांना धरतात आणि दोघांचा मिळून एक रेणू होतो. पिवळा रंगही जातो. हलायलाही जागा नाही अशा ठिकाणी हे घडतं, आणि ते घडत असताना आतलं चित्र क्ष-किरणांनी टिपायचं, हे माझं काम.

अडचण अशी की अर्ध्या वाटेवरच स्फटिक तडकायचा. तडकला की क्ष-किरणांच्या फिल्मवर नीटस टिपक्यांऐवजी नुसते फराटे उमटायचे. नुकादा सेन्सेई म्हणायचे, "लग्न लागायच्या आतच मांडव कोसळतोय रे तुझा."

एकेक स्फटिक वाढवायला मकाबे-सानना तीन आठवडे लागायचे. गरम द्रावण थर्मासात भरून, थर्मास घोंगडीत गुंडाळून त्या तो कपाटात ठेवत आणि कपाटाच्या दाराला चिठ्ठी लावत: "दार आपटणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं जाईल." मग मी तो स्फटिक मोठ्या दिव्यासमोर ठेवायचो. काही स्फटिक नुसते तडकायचे, काही टुणकन उडून टेबलाखाली जायचे.

"इवाबुची-कुन, आजचा किती मिनिटं टिकला?" त्या विचारायच्या.

"बावीस."

"अरे वा, प्रगती आहे. तीन आठवडे मी वाढवायचा, बावीस मिनिटांत तू मारायचा. ओमिचो बाजारातला मासेवालासुद्धा खेकड्याशी याहून अदबीने वागतो."

"मी काय मुद्दाम करतो का?"

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. निदान थांबवता तरी आलं असतं."

असं बोलून झालं की त्या खाली वाकायच्या, बारीक कुंचल्याने तुकडे गोळा करायच्या आणि कागदाच्या पुडीत घालून वर तारीख आणि आकडा लिहायच्या. मला वाटायचं, बाईंचा स्वभाव चिकट, काही टाकवत नाही. त्या पुड्या कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

डिसेंबरच्या शेवटी लॅबची वार्षिक साफसफाई असते. बाहेर गारा पडत होत्या आणि बुरी मासे आल्याची वर्दी देणारा थंडीतला गडगडाट चालू होता. मकाबे-साननी घरून सलगम आणि बुरी घालून मुरवलेलं काबुराझुशी आणलं होतं, त्यामुळे सगळे पटापट हात चालवत होते. दक्षिणेकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या मासिकांमागे चार तपकिरी बाटल्या निघाल्या. आमच्याकडे दुकानात जे शक्तिवर्धक पेय मिळतं, त्याच्या या बाटल्या. सगळे विद्यार्थी ते प्यायचे आणि मकाबे-सान रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात नको असलेले स्फटिक ठेवायच्या: वेडेवाकडे, जुळे, फार मोठे झालेले.

त्यांनी एक बाटली कागदावर पालथी केली आणि त्या थबकल्या.

"हे कुणी बदललं?"

कागदावर सात-आठ स्फटिक पडले होते. पाण्यासारखे स्वच्छ, पिवळेपणाचा मागमूस नाही. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: जून, पिवळे, नापास.

"कोण कशाला बदलेल?" मी म्हटलं. "सहा महिने उन्हात पडलेत. रंग उडाला, म्हणजे माल खराब झाला. टाकून द्या."

नुकादा सेन्सेई शिडीवरून म्हणाले, "टाका, टाका. कपाटातही जागा नाहीये."

मकाबे-साननी 'हो' म्हटलं. आमच्याकडे 'हो' म्हणजे 'ऐकलं' एवढंच. बाटली त्यांनी एप्रनच्या खिशात घातली.

बाकीचे जेवायला बसले तेव्हा त्या मायक्रोस्कोपपाशी होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं. तोंडात घास असतानाच मी गेलो.

"बघ, आणि तोंड बंद ठेवून बघ. तुझ्या श्वासाने उडेल."

आमच्या मायक्रोस्कोपला दोन खास काचा बसवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये स्फटिक ठेवून फिरवला की तो उजळतो आणि विझतो. स्फटिक अखंड असेल तर सगळा एकदम विझतो. आत तडे असतील तर अर्धा विझतो, अर्धा चमकत राहतो. माझे फोडलेले स्फटिक नेहमी गारपिटीनंतरच्या काचेसारखे दिसायचे. हा स्फटिक मी फिरवला. सगळा उजळला. अजून फिरवला. सगळा विझला, कडेपासून कडेपर्यंत, एकदम. पुन्हा फिरवला. चार वेळा उजळला, चार वेळा विझला, कुठेही डाग नाही.

मी घास गिळला. "हा वेगळा पदार्थ असेल."

"असेल. मग क्ष-किरणात घाल, कळेल."

"आज? सुट्टी लागली की."

"सुट्टी तुला लागली. यंत्राला कुठे लागलीय?"

त्या दुपारी घेतलेली फिल्म मी अजून जपून ठेवली आहे. अगदी रेखीव, टाचणीने टोचल्यासारखे टिपके. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात गणितं पूर्ण झाली. आतले सगळे रेणू जोडीजोडीने जुळले होते. एकूण एक. आणि तरीही स्फटिक होता तसाच उभा होता.

नुकादा सेन्सेईंनी आकडे दोनदा तपासले, मग चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "मी टाका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं," मकाबे-सान म्हणाल्या.

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"म्हटलं होतं."

आता प्रश्न असा की बाटलीत काय वेगळं घडलं. मला उत्तर सरळ दिसत होतं. खिडकीतला उजेड मंद, कानाझावात सूर्य मुळातच क्वचित दिसतो, म्हणून सगळं सावकाश घडलं, म्हणून स्फटिक टिकला. मी दिवा लांब नेला. स्फटिक वीस मिनिटांऐवजी तीन तासांत तडकला. आणखी लांब नेला, मध्ये जाळी लावली. दोन दिवसांत तडकला. अख्खा जानेवारी असा गेला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत मी फुटक्या खड्यांसमोर बसलेलो. मकाबे-सान स्फटिक देत राहिल्या. टोमणे मारणं मात्र त्यांनी थांबवलं, आणि ते मला जास्त लागलं.

फेब्रुवारीत एके सकाळी मी आलो तर माझ्या टेबलावर त्या सगळ्या पुड्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीसमोर काचेची पट्टी आणि पट्टीवर एकेक तुकडा, मोडलेली कड वर करून ठेवलेला.

"बस," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून बघत जा."

मी बघू लागलो. पहिला तुकडा: बाहेर पांढरी कातडी, आत पिवळा गाभा. दुसरा तसाच. दहावा तसाच. जे मी मंद दिव्यात फोडले होते तेही तसेच. कातडी पांढरी, गाभा पिवळा, मध्ये चाकूने कापल्यासारखी रेघ.

"आता हे बघ." त्यांनी शेवटची पट्टी सरकवली. बाटलीतल्या खड्यांपैकी एक, पुरता स्वच्छ व्हायच्या आधीचा. अशी एक बाटली मागच्या रांगेत होती, सावलीत. हा खडा त्यांनी स्वतः मधोमध कापला होता. आत आणि बाहेर एकच रंग, फिकट, जेमतेम पिवळा. रेघ कुठेच नाही.

"तुझा दिवा कातडीतच अडकतो," त्या म्हणाल्या. "मंद केलास तरी अडकणार कातडीतच, फक्त सावकाश. कातडी आक्रसते, गाभा आक्रसत नाही, मग फुटणार नाही तर काय होईल? या बाटलीत उजेड आतपर्यंत पोचला. म्हणजे तो कमी होता असं नाही. तो वेगळा होता."

त्यांनी बाटली उचलून खिडकीसमोर धरली. त्यांच्या चेहऱ्यावर तपकिरी उजेड पडला.

"निळा-जांभळा सगळा ही काच खाते. उरतो तो पिवळा-तांबडा. तो या खड्याला फारसा आवडत नाही, म्हणून तो दारात थांबत नाही, आतपर्यंत जातो. जाता जाता एखाद्या जोडीला जुळवतो. इथे एक, तिथे एक. सगळीकडे सारखं."

पदार्थ कोणता उजेड किती शोषतो याचा आलेख माझ्या भिंतीवरच चिकटवलेला होता. मीच काढला होता. त्याच्या शेपटाकडे, जिथे शोषण जवळजवळ शून्य होतं, तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे काही घडणार नाही असं मी धरून चाललो होतो. या बाईंनी आलेख पाहिला नव्हता. त्यांनी एकसष्ट मोडलेल्या कडा पाहिल्या होत्या.

"हे केव्हा कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"संशय पाचव्या पुडीपासून होता. पण पाच म्हणजे काय? योगायोगही असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेला. म्हटलं, तुला माहीतच असेल." आणि मग हसल्या. "आणि खरं सांगू? तुझं रडकं तोंड बघायला मजा येत होती."

बाटलीचा तळ आम्ही कापून काढला, घासून सपाट केला आणि दिव्यासमोर बसवला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बेचैन होऊन दर तासाला डोकावत होतो. मकाबे-साननी दारावर नवी चिठ्ठी लावली: "इवाबुचीला प्रवेश सकाळी एकदाच." तिसऱ्या दिवशी रंग किंचित उतरल्यासारखा वाटला. रोज सकाळी त्या स्फटिक काढून क्ष-किरणात बसवायच्या, फिल्म घेऊन झाली की परत दिव्यासमोर. तोच स्फटिक, रोज दोनदा उचलायचा, दोनदा चिकटवायचा. एकदाही निसटला नाही. मी शेजारी उभा राहून बघायचो. चिमटा खाली जाताना त्यांच्या खांद्यापासून बोटापर्यंत काहीही हलत नसे, आणि तरी हात पुढे सरकत असे. ते कसं, हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

नवव्या दिवशी स्फटिक पाण्यासारखा झाला. फिल्मवर टिपके पहिल्या दिवसाइतकेच नेटके.

पण खरी गंमत पाचव्या दिवसाच्या मोजमापात होती. त्या काळी रेणूचं चित्र प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यांवर हाताने रेघा काढून, पत्रे एकावर एक रचून बघायचं असे. रेघा मकाबे-सान काढत. पाचव्या दिवसाचे पत्रे रचले तेव्हा त्यांनी मला आणि सेन्सेईंना हाक मारली. एकाच जागी दोन चित्रं दिसत होती: सुटे शेजारी आणि जुळलेली जोडी, एकमेकांत मिसळलेली. चारांत साधारण एक जोडी जुळलेली, बाकीचे अजून सुटे, आणि सगळे मिळून एकाच अखंड स्फटिकात.

"आणि हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलने बाजूच्या रेणूंवर खुणा केल्या. "हे जुळलेले नाहीत, तरी सरकलेत. जरा जरासे. बाजूचा जुळला म्हणून यांनी जागा करून दिली."

नुकादा सेन्सेई खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली मला हे शिकवताना. जुळतात म्हणून शिकवलं. बाकीचे सरकतात हे कुणाला दाखवता नव्हतं आलं मला." आणि त्यांनी पत्रे पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले.

मे महिन्यात सेंदाईहून तोकोरो सेन्सेई आले. आमच्या विषयातले वडीलधारे, वृत्तीने संशयी, आणि तोंडाने फटकळ. स्फटिक अखंड राहतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. "एका दिवसासाठी आलोय," ते दारातच म्हणाले. "नऊ दिवस थांबायला मला वेळ नाही. म्हणजे तुम्ही मला सुरुवात दाखवणार आणि शेवट दाखवणार, मधलं मी मानून घ्यायचं. असंच ना?"

नुकादा सेन्सेई माझ्याकडे बघू लागले, मी जमिनीकडे. मला हे सुचलंच नव्हतं.

मकाबे-साननी कपाटातून एक लांबट लाकडी पेटी आणली. पेटीत ओळीने दहा काचेचे केस उभे, प्रत्येकाच्या टोकावर एकेक स्फटिक. त्यांनी दहा दिवसांपूर्वीपासून रोज एक नवा स्फटिक दिव्यासमोर ठेवायला सुरुवात केली होती, कुणालाही न सांगता. पहिला लिंबासारखा पिवळा, पुढचा त्याहून जरा फिका, पुढचा आणखी, आणि शेवटचा असा स्वच्छ की काचेच्या टोकावर काही आहे की नाही हे वाकून बघावं लागे.

"कुठल्याही दिवसापासून बघा," त्या म्हणाल्या. "मधलासुद्धा आहे."

तोकोरो सेन्सेईंनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिला फिरवला, दुसरा फिरवला. पाचव्यावर बराच वेळ थांबले. जेवणाची वेळ झाली. आम्ही त्यांच्यासाठी हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. नुकादा सेन्सेई दोनदा खाकरले. तोकोरो सेन्सेई डोळा न काढता म्हणाले, "तुम्ही जेवून या." कुणी गेलं नाही.

दहावा बघून झाल्यावर ते सरळ बसले. त्यांच्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता.

"हे बसवले कुणी?"

"मी," मकाबे-सान म्हणाल्या.

"कुणाकडे शिकलात?"

"वर्खाच्या कारखान्यात. पहिली दोन वर्षं मला नुसतं शेजारी बसवून ठेवलं होतं. श्वास नीट घ्यायला येईपर्यंत चिमटा हातात देत नसत."

तोकोरो सेन्सेई उठले आणि त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. विद्यार्थी सेन्सेईंना करतात तसा, खोल. मकाबे-सान इतक्या गडबडल्या की त्यांनी त्याहून खोल नमस्कार केला आणि कपाळावरचा चष्मा जमिनीवर पडला. "अगंबाई!" म्हणून त्या तो शोधू लागल्या, आणि शोधायला दोन्ही सेन्सेई टेबलाखाली शिरले.

शोधनिबंध लिहिला तेव्हा नुकादा सेन्सेईंनी लेखकांत तीन नावं घातली, दुसरं मकाबे शिझुनो. विभागातल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, तंत्रसहायकाचं नाव लेखकांत कसं? सेन्सेई म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. दुसरं कसं? पहिलं हवं." पण पहिलं ठेवायला त्या कबूल झाल्या नाहीत. "इवाबुची-कुनची पदवी अडकेल," म्हणाल्या. ती खरोखरच अडकली असती.

निबंध छापून आल्यावर चारेक महिन्यांनी परदेशातून एक पत्र आलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं: डॉक्टर एस. मकाबे. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

"चुकीच्या घरी आलंय. परत पाठव."

मी उघडून वाचलं. तिकडच्या एका संशोधकाचे स्फटिक काचेवरून सारखे निसटत होते. कोणता गोंद, किती, कसा, असं त्याने सविस्तर विचारलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की निबंधात छापलेल्या तुमच्या फिल्म आमच्या लॅबमधल्या भिंतीवर लावल्या आहेत.

"भिंतीवर?" त्या म्हणाल्या. "तसबिरीसारख्या?"

"असणार."

मग त्या स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. "लिही. गोंद टोकाला लावायचा नाही, किंचित बाजूला लावायचा. लावल्यावर तीसपर्यंत मोजायचं. घाईने मोजू नको म्हणावं, तिकडचे लोक घाईने मोजत असतील." असं करत करत त्यांनी चार पानं मजकूर सांगितला. मी इंग्रजीत केला. खाली मी त्यांचं नाव टाइप करणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"नाव मी लिहीन. अक्षरं दाखव."

रोमन लिपीत त्यांनी आपलं नाव कधी लिहिलं नव्हतं. मी कागदाच्या तुकड्यावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पाकिटाच्या मागच्या बाजूला तीन वेळा गिरवलं, चौथ्या वेळी पत्रावर लिहिलं. तेरा अक्षरं, छापल्यासारखी. मग त्यांनी पत्र दूर धरून पाहिलं.

"बरं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी ते घडी घालू दिलं नाही.